अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. संशोधनासाठी आरोग्य निवडू की ऊर्जा?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये एम. ए. करताय, दोन्ही विषयांची ओढ आहे आणि सगळे सांगतात, एकच धर. मी इथेच अर्थशास्त्र शिकवते आणि याच दोन विषयांवर काम करते. माझं मत : निवडू नका. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर हे दोन्ही विषय एकाच चुलीपाशी बसलेले दिसतात.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. वाढ खरी आहे. पण तिथे विचारतात मुख्य इंधन. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशा घरातल्या बाईच्या छातीत धूर जातोच, आणि तो या आकड्यात दिसत नाही.

गॅस दारात असूनही चूल का पेटते? मजुरी रोजची, टाकीचे पैसे मात्र एकरकमी. अनुदान खात्यात नंतर येतं, आधी पूर्ण किंमत मोजावी लागते. सरपणाला पैसे पडत नाहीत, कारण ते आणणाऱ्या बाईचा वेळ घरात कुणी हिशेबात धरत नाही. तिच्या फुप्फुसांचं डॉक्टर बघतील, चूल इंजिनिअर सुधारतील. हा हिशेब मांडायचं काम आपलं.

तो नाही मांडला तर काय होतं, हे एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांच्या ओडिशातल्या, कमी धुराच्या सुधारित चुलींवरच्या अभ्यासात दिसतं. प्रयोगशाळेत सुधारित चुलीने धूर कमी होत होता. घरोघरी तिचा वापर घटत गेला, देखभाल होईना. पहिल्या वर्षी जो थोडा फरक दिसला तो दुसऱ्या वर्षी उरला नाही, आणि तब्येतीत सुधारणा आढळली नाही. हा शोधनिबंध पीएच.डी.चा विचार करण्याआधी वाचाच.

तयारीचं म्हणाल तर इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीतून अर्थशास्त्रीय निष्कर्ष काढण्याचं तंत्र) पक्कं करा, स्टाटा किंवा आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते. घरखर्चात इंधनावर किती जातं, यावर प्रबंधिका सहज होईल. पुढे पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था) आहे. पुण्यातल्या ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेमध्ये ऊर्जा आणि आरोग्य असे दोन्ही गट आहेत, त्यांचे अहवाल चाळा. नेट-सेट मात्र टाळू नका, प्राध्यापकीला ती लागते.

आणि पाड्यावर जाल तेव्हा एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसात जा. वैशाखात सरपण वाळलेलं असतं, श्रावणात ओलं; त्याच घराची उत्तरं बदलतात. प्रश्न घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून परत फिरू नका. स्वयंपाकघरात बसा, आणि टाकी शेवटची कधी भरली ते गॅसच्या पुस्तकात बघा.