दोन्ही रनिंग बॅक एनएफएलमध्ये गेले, मग मिशिगनविरुद्ध 77 यार्डच का?

तुम्ही कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावी, नवीन आहात आणि ऑफिसातली मंडळी 2024 च्या मिशिगनविरुद्धच्या कॉलेज फुटबॉल (अमेरिकन) सामन्यावरून अजून धुमसताना बघून चक्रावला आहात. त्याच वर्षी ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला, हेन्डरसन आणि जडकिन्स हे दोन्ही रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) दुसऱ्या फेरीत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये निवडले गेले, मग रन गेमच्या, म्हणजे पास न टाकता चेंडू घेऊन पळण्याच्या नावाने एवढा शिमगा कशासाठी, दोष नक्की कुणाचा, आणि ऑफिसात यावर बोलावं का, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या दिवसाचा हिशेब. 30 नोव्हेंबर 2024, सामना आपल्याच मैदानावर. मिशिगन आधीच पाच सामने हरून आलेला, त्यामुळे ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकेल असा सगळ्यांचा होरा. निकाल 13-10, मिशिगन विजयी. ओहायो स्टेटने 26 वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि मिळवले 77 यार्ड, म्हणजे एका खेपेला सरासरी तीनसुद्धा नाहीत. मिशिगनचा रनिंग बॅक मलिंग्ज याने एकट्याने 116 काढले. किकरने दोन फील्ड गोल चुकवले, आपला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) हॉवर्ड याने दोन इंटरसेप्शन दिले, म्हणजे पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेले, हे सगळं खरं. पण लोकांच्या डोक्यात बसला तो रन गेमच.

दोष रनिंग बॅकचा नव्हता. हेन्डरसनने त्या दिवशी 10 खेपांत 21 यार्ड केले. याच माणसाने महिन्याभरात प्लेऑफमधल्या (विजेतेपदाच्या बाद फेरीतल्या) रोझ बोल सामन्यात ओरेगॉनविरुद्ध एकाच खेपेत 66 यार्ड पळून टचडाऊन केला. एका महिन्यात कुणी पळायला शिकत नाही.

मग खेळ बघताना नजर कुठे ठेवायची? चेंडूवर नको, सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड, म्हणजे पुढे उभ्या पाच जणांच्या लाइनमधले मधले तिघे, यांच्यावर ठेवा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो म्हणून घरी बसून हे नीट दिसत नाही. स्टेडियममध्ये सी डेकला, अगदी वर बसलात तर जास्त कळतं. (नोव्हेंबरात तिथला वारा हाडं गोठवतो, ते वेगळं.) समजा इनसाइड झोनचा, म्हणजे मधोमध घुसण्याचा, साधा प्ले आहे. सेंटर आणि गार्ड दोघे मिळून समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला (बचावाच्या पुढच्या फळीतल्या दांडग्याला) ढकलतात, तो जरा हलला की दोघांतला एक त्याला सोडतो आणि मागच्या फळीतल्या लाइनबॅकरवर जातो. सगळी गंमत त्या सोडण्याच्या क्षणात आहे. लवकर सोडला तर टॅकल आत घुसतो, उशीर झाला तर लाइनबॅकर मोकळा राहून फटीतच येऊन उभा राहतो. मिशिगनकडे मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट होते. ग्रँट दीडशे किलोच्या आसपासचा आणि तरी चपळ. दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या निवडीत) पहिल्या फेरीत गेले, ग्रॅहम तर पाचव्या क्रमांकावर. दोघादोघांनी रेटूनही अशी माणसं जागची हलत नाहीत. म्हणून सोडायला उशीर होतो, लाइनबॅकर मोकळा सुटतो, आणि हेन्डरसनला चेंडू हातात येताच समोर भिंत दिसते. दहीहंडीत फोटो वरच्याचा येतो, पण खालच्या थरातला एक खांदा सरकला की सगळे खाली.

आणि आपला खालचा थर तेव्हा ठिगळं लावून उभा होता. लाइनच्या डाव्या टोकाचा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगॉनच्या सामन्यात जायबंदी होऊन हंगामातून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्याचं नेब्रास्कासमोर जमेना. तो सामना 21-17 असा कसाबसा जिंकला, रन गेमने तेव्हाही घाम फोडला होता. मग गार्ड डोनोव्हन जॅक्सनला टॅकलवर सरकवलं. नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनची अकिलीसची शीर सरावात तुटली. त्या वर्षीची रिमिंग्टन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा मान, त्यालाच मिळाला, यावरून तोटा किती ते समजा. त्याच्या जागी कार्सन हिन्झमन आला. थोडक्यात, ज्या सेंटर-गार्डच्या जोडीने एका श्वासात 'आता सोड' म्हणायचं, ती जोडीच दोन आठवड्यांची होती.

पण सगळं खापर दुखापतींवर फोडणाऱ्यांशी माझं पटत नाही. कारण हीच लाइन, फारसा बदल न करता, पुढे प्लेऑफ खेळली. अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध याच लाइनमागून 214 यार्ड निघाले, जडकिन्सने 11 खेपांत 100 केले, त्यातली एक 70 यार्डांची. मग मध्ये बदललं काय? क्रम बदलला. टेनेसीविरुद्ध पहिल्या क्वार्टरमध्येच 21-0. ओरेगॉनविरुद्ध सुरुवातीलाच रिसीव्हर (पास झेलणारा) जेरेमाया स्मिथला 45 यार्डांचा टचडाऊन पास, मग एग्बुकाला एक लांब, आणि त्यानंतर हेन्डरसनचे ते 66. आधी लांब पास, मग रन.

हे गणित साधं आहे. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा), ब्लॉक करणारे झाले सहा. समोर बॉक्समध्ये, म्हणजे लाइनच्या अगदी जवळ, बचावाचे सात जण उभे राहिले तर एक जण कायम मोकळा. त्याला तिथून हटवायचं तर त्याच्या मनात मागच्या लांब पासची धास्ती हवी. स्मिथसारखा रिसीव्हर असताना सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) मागे सरकायला तयारच असतो, पण त्याच्याकडे चेंडूच जाणार नसेल तर तो कशाला मागे राहील? मिशिगनच्या सामन्यात स्मिथचे झेल पाच, यार्ड 35. आणि आपण फर्स्ट डाऊनला (चार प्रयत्नांतल्या पहिल्याला) पुन्हा पुन्हा नेमकं ग्रॅहम-ग्रँटच्या छातीवर धावत होतो. तिथे आक्रमणाचे प्रशिक्षक चिप केली आणि मुख्य प्रशिक्षक रायन डे या दोघांकडे बोट दाखवावंच लागतं. रन करूच नका, असं कुणी शहाणा म्हणत नव्हता. प्रतिस्पर्ध्याचं जे एकमेव अभेद्य ठिकाण, तिथेच डोकं आपटू नका, एवढंच म्हणणं होतं.

असं त्यांनी का केलं असेल? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 2021 मध्ये मिशिगनने आपल्याला 42-27 हरवलं तेव्हा त्यांनी रन गेमवर 297 यार्ड काढले, हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले. तेव्हापासून 'हा संघ नाजूक आहे' हे शेपूट मागे लागलं. पुढची दोन वर्षंही हार. म्हणजे 2024 ला उतरताना मनात आधी 'आम्हीही आडदांड आहोत' हे दाखवायचं, मग जिंकायचं, असा उलटा हिशेब झाला असणार. शिवाय हे गाव जुने प्रशिक्षक वुडी हेज यांचं. 1951 ते 1978 त्यांनी इथे फुलबॅक मध्यातून घुसवून सामने काढले. आपल्या आर्ची ग्रिफिनने दोनदा हाइझमन (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकला, आजवर दोनदा जिंकणारा तो एकटाच. 2014 च्या शेवटच्या तीन सामन्यांत एझिकिएल एलियटने 220, 230, 246 यार्ड काढून विजेतेपद आणलं. हे बघत वाढलेल्या माणसाला थर्ड अँड वनला (तिसऱ्या प्रयत्नात, एकच यार्ड हवा असताना) अडकणं म्हणजे घरची अब्रू गेल्यासारखं वाटतं. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधले काका तेव्हा असेच वाढले असतील.

आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकचा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच तो पाडला गेला, की गमावलेले यार्ड रनमधून वजा होतात, एनएफएलमध्ये पासमधून. त्यामुळे 'रन गेम 40 यार्ड' असं वाचून चिडण्याआधी सॅक किती झाले ते पाहा, दोष पास प्रोटेक्शनचाही असू शकतो. आणि कॉलेजचे हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, त्यांच्यामधूनच किंवा त्यांच्यावरून प्ले सुरू होतो) एनएफएलपेक्षा बरेच लांब लांब असतात, 40 फूट. चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला अख्खं मैदान आणि दुसऱ्या बाजूला बोळ. अरुंद बाजूला पुन्हा पुन्हा रन जात असेल तर खुशाल ओरडा, मी तुमच्याबरोबर आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. त्याच हंगामात पेन स्टेटविरुद्ध आपण 20-13 ने पुढे होतो. आपल्या गोल लाइनवर त्यांना अडवलं, चेंडू आपल्या एक यार्डावर मिळाला, आणि तिथून शेवटची पाच मिनिटं निव्वळ रन करून घड्याळ संपवलं. सगळ्यांना माहीत होतं रन येणार, तरी अडवता आलं नाही. तेव्हा ही लाइन कुचकामी होती असं म्हणायचं कारण नाही. उलट प्लेऑफमध्ये टेक्ससविरुद्ध रन गेम पुन्हा रुसला होता. तिथे हेन्डरसनने स्क्रीन पास घेऊन 75 यार्ड पळून निभावलं. स्क्रीन म्हणजे रनिंग बॅकला मोकळी जागा देण्याचाच दुसरा रस्ता, हे मिशिगनसमोर जास्त सुचायला हवं होतं.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ऑफिसात यावर बोलावं का. सिमन्स आणि मॅक्लॉक्लिनची नावं काढा, लोक तुम्हाला लगेच जवळ करतील. सेफ्टी बॉक्समध्ये होता असं म्हणालात तर कुणीतरी कागदावर प्ले काढून दाखवेल. मात्र 'शेवटी विजेते झालात ना' हे वाक्य नोव्हेंबर महिन्यात चुकूनही बोलू नका, आणि 2021 चा विषय काढायचाच असेल तर जेवण झाल्यावर काढा.