चष्मा लागलेल्या मुलीला लढाऊ वैमानिक होता येईल का?

प्रश्न : आम्ही हदगाव तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. मुलगी दहावीत आहे, गणित चांगलं आहे. आमच्या भागातले विवेक राम चौधरी साहेब हवाई दल प्रमुख झाले तेव्हापासून तिने वैमानिक व्हायचं मनात घेतलंय. मागच्या वर्षी तिला उणे पाऊणचा चष्मा लागला. शहरातले अकॅडमीवाले म्हणतात, 'ऑपरेशन होतं, काळजी नको' आणि दोन वर्षांचे अडीच लाख मागतात. भरावेत का? – एक वडील

उत्तर : दादा, पैसे भरू नका. तिचे डोळे नीट तपासून होईपर्यंत तर नाहीच नाही.

एनडीएतून, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जायचं तर एका डोळ्याला विनाचष्मा 6/6 आणि दुसऱ्याला किमान 6/9 दिसावं लागतं. उणे नंबर तिथे चालत नाही. ऑपरेशनचं तुम्हाला अर्धंच सांगितलंय. लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन, वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेलं असेल तर उमेदवार बाद होतो, आणि एनडीएचं वय आहे साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे एनडीएसाठी ऑपरेशनचा उपयोग शून्य. उलट कुणाच्या सांगण्यावरून सतराव्या वर्षी ते उरकून घेतलंत, तर पदवीनंतरची वाटही कायमची बंद होईल. म्हणून कळकळीने सांगतो, आत्ता तिच्या डोळ्यांना हात लावू देऊ नका.

पण चष्म्याच्या दुकानातला नंबर हा शेवटचा शब्द नव्हे. शाळकरी वयात डोळ्याचे स्नायू ताणलेले असले तर नंबर खोटा किंवा वाढीव येऊ शकतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्ररोग विभागात जा आणि थेंब टाकून नंबर काढून द्या म्हणा. त्याच फेरीत रंगदृष्टीही तपासून घ्या. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा ओळखायला लावतात, तीच चाचणी. रंगांत दोष निघाला तर त्यावर इलाज नाही.

घरी एक मोजमाप करा. तिला भिंतीला पाठ टेकवून, पाय समोर सरळ पसरून जमिनीवर बसवा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप लावा. हे अंतर 99 ते 120 सेंटीमीटरच्या आत हवं. भिंतीपासून गुडघ्यापर्यंत 64 पेक्षा जास्त नको आणि उभी उंची किमान 162.5 हवी. पाय आखूड असला तर रडरच्या, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पेडलवर पूर्ण जोर देता येत नाही. मांडी फार लांब असली तर संकटात विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतात. मुलगी अजून वाढतेय, तेव्हा आज दोन-तीन सेंटीमीटर कमी भरले म्हणून तिला नाराज करू नका.

आता तिलाच एक प्रश्न विचारा : तुला उडायचंय, की वरिष्ठ अधिकारी व्हायचंय? चौधरी साहेबांकडे पाहून दोन्ही एकच वाटतं. ते 29 डिसेंबर 1982 रोजी लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाले आणि 30 सप्टेंबर 2021 ला प्रमुख झाले. जवळपास एकोणचाळीस वर्षं. या काळात त्यांचं उड्डाण 3800 तासांहून थोडं अधिक, म्हणजे वर्षाला सरासरी शंभरच्या आसपास. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला नियमाने वर्षात 1000 तासांपर्यंत उडता येतं. मग बाकीचा काळ कुठे गेला? मिग-29 च्या स्क्वाड्रनचं नेतृत्व, तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात लष्करी अधिकाऱ्यांना शिकवणं, पुढे सगळ्या पश्चिम हवाई कमांडची जबाबदारी. फ्लाइंग ऑफिसरपासून विंग कमांडरपर्यंतची पदं सेवेच्या वर्षांवर मिळतात. ग्रुप कॅप्टनपासून पुढे निवड होते आणि दर पायरीला माणसं कमी होत जातात. वर चढावं तसं कॉकपिट मागे पडतं आणि माणसं, फायली, निर्णय वाढतात. ते काम कमी मोलाचं नाही, पण ते उडणं नव्हे.

उणे नंबर खराच निघाला तर या प्रश्नाच्या उत्तरावर वाट ठरेल. उडायचंच असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बारावी, मग पदवी, विशीनंतर नियमात बसणारं लेसिक आणि एएफकॅट, म्हणजे पदवीधरांसाठीची हवाई दलाची प्रवेश परीक्षा. भारताच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक 2016 मध्ये दाखल झाल्या त्या अल्पमुदतीच्या सेवेतच. ही सेवा 14 वर्षांची असते आणि कायम होण्याची हमी नसते. एअर मार्शलसारखं वरचं पद मनात असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. अधिकारीपद हवं असेल तर एनडीएतूनच ग्राउंड ड्युटी, म्हणजे न उडता जमिनीवरून काम करणारी शाखा. तिथे चष्म्याला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. हवाई दल प्रमुख आजवर वैमानिकच झालेत, पण पद्मावती बंदोपाध्याय डॉक्टर होत्या आणि एअर मार्शल झाल्या.

नंबर खोटा निघाला तर एनडीएची तयारी जोरात करू. तेव्हाही एक ध्यानात ठेवा. लेखी परीक्षेनंतर अधिकारी निवडायला पाच दिवसांची एसएसबी असते, तीत वैमानिकांसाठी संगणकावर हात-डोळ्यांच्या मेळाची चाचणी होते. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की कुठल्याही मार्गाने हवाई दलात वैमानिक होता येत नाही, आणि कुठलीही अकॅडमी तिची हमी देऊ शकत नाही.

अडीच लाख वाचवायचा सरळ मार्ग आहे. मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व प्रशिक्षण संस्था 2023 पासून नाशिकला सुरू झाली आहे. दहावीच्या वर्षातच लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. जाहिरातीवर लक्ष ठेवा, त्यातले डोळ्यांचे निकष आधी वाचा आणि मगच अर्ज करा.

अकरावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिन्ही ठेवा, वाट कुठलीही ठरली तरी. थेंब टाकून काढलेल्या नंबराचा कागद मला पाठवा, आणि सोबत तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच अक्षरात.