कॅज्युअल्टीच्या दारापलीकडे रुग्णाचं काय झालं? १०८ वरच्या एका डॉक्टरच्या पत्राला उत्तर

प्रिय डॉक्टर,

बीएएमएस झाल्यापासून तीन वर्षं तुम्ही मराठवाड्यात १०८ च्या एएलएस, म्हणजे प्रगत जीवरक्षक सोयींच्या रुग्णवाहिकेवर आहात. तुम्ही लिहिलंय, ‘हृदय थांबलेल्या माणसाला सीपीआर (छातीवर दाब) देते, अॅड्रेनलिन देते, कधी मॉनिटरवर ठोके परत येतात. कॅज्युअल्टीत रुग्ण सोपवून सही घेते आणि पुढच्या कॉलला निघते. तो माणूस घरी गेला का, हे कधीच कळत नाही.’ तुम्हाला यावरच संशोधन करायचंय. वडील म्हणतात, गावात दवाखाना टाक. मैत्रीण म्हणते, इंग्लंडला जाऊन पॅरामेडिक (रुग्णवाहिकेतली प्रशिक्षित आरोग्यकर्मी) हो. आपल्या पदवीवर हे जमेल का, शिकायचं कुठे आणि पोट भरेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

त्यांच्याकडे येतोच. त्याआधी तुमच्या तक्रारीबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. ‘पुढे काय झालं ते कळत नाही’ या एका अडचणीमुळे जगभर कित्येक दशकं हृदय थांबलेल्या माणसाला भक्कम पुराव्याविना अॅड्रेनलिन दिलं गेलं. औषध दिलं की ठोके परत येतात, हे रुग्णवाहिकेतल्या प्रत्येकाला दिसत होतं. महिन्याभरानंतरचं चित्र कुणाला दिसत नव्हतं. मग ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या गॅविन पर्किन्स यांच्या गटाने पाच रुग्णवाहिका सेवांना बरोबर घेऊन ‘पॅरामेडिक-२’ ही चाचणी केली. एकसारख्या दिसणाऱ्या खोक्यांतल्या सिरिंजमध्ये कुठे अॅड्रेनलिन होतं, कुठे नुसतं सलाइन. देणाऱ्या पॅरामेडिकलाही ते ठाऊक नव्हतं. अशा ८,०१४ रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

ते नीट वाचा. रुग्णालयात पोचण्याआधी ठोके परत आले ते अॅड्रेनलिनच्या गटात ३६.३ टक्के रुग्णांचे, सलाइनच्या गटात ११.७ टक्के. केवढा हा फरक! पण ३० दिवसांनी जिवंत होते अनुक्रमे ३.२ आणि २.४ टक्के. शिवाय जे जगून घरी जाण्याच्या टप्प्याला आले, त्यांच्यात मेंदूला गंभीर इजा झालेले पहिल्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्यात १७.८ टक्के. म्हणजे औषधाने काही जीव जास्त वाचले, पण मेंदू शाबूत राहून जगलेल्यांच्या संख्येत खात्रीने म्हणता येईल असा फरक पडला नाही. याचा अर्थ उद्यापासून अॅड्रेनलिन बंद करा असा मुळीच नाही. ते आजही उपचारपद्धतीत आहे, तुमचा प्रोटोकॉल पाळत राहा. पण मॉनिटरवर ठोके आले म्हणजे आपण जिंकलो, असं मानणं किती अपुरं आहे ते या आकड्यांनी दाखवलं. तुम्ही तीन वर्षं नेमकं तेच अनुभवताय.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ही चाचणी प्रत्यक्ष राबवली ती पॅरामेडिकांनी, रस्त्यावर आणि लोकांच्या घरांत. तिथे ‘रिसर्च पॅरामेडिक’ हे वेगळं पद असतं. कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या सहा पॅरामेडिक सेवांनी तीन शॉकनंतरही न थांबणाऱ्या व्हीएफवर, म्हणजे हृदयाच्या जीवघेण्या थरथरीवर, दोन डिफिब्रिलेटर (विजेचा शॉक देणारी यंत्रं) वापरून पाहिले. २०२२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, म्हणजे डोस-व्हीएफमध्ये, नेहमीच्या पद्धतीने शॉक दिलेल्यांपैकी १३.३ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले, दोन यंत्रांच्या गटातले ३०.४ टक्के. रुग्ण फक्त ४०५ होते आणि कोविडमुळे चाचणी आधीच थांबवावी लागली, म्हणून या आकड्यांकडे जरा जपूनच पाहावं. तरी प्रश्न रुग्णवाहिकेतला होता आणि उत्तरही तिथेच शोधलं गेलं.

आता पदवी. एमडी इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे २००९ मध्ये मान्यता मिळाली, पण तिथे एमबीबीएसशिवाय प्रवेश नाही. तो विचार सोडून द्या. इंग्लंडला जाण्याचा सल्ला मला पटत नाही. तिथे पॅरामेडिक म्हणून काम करायला तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. बीएएमएसवर ती मिळत नाही, बहुधा पदवी पहिल्यापासून करावी लागेल. त्या खर्चात आणि त्या वर्षांत तुम्ही इथे बरंच पुढे गेलेल्या असाल.

तुमच्यासाठी रस्ता सार्वजनिक आरोग्याचा आणि साथरोगशास्त्राचा. एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, बीएएमएस झालेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. त्या-त्या वर्षाची पात्रता मात्र स्वतः तपासा. प्रवेश घेताना दोन गोष्टी पाहा: जैवसांख्यिकी (आरोग्याच्या माहितीचं संख्याशास्त्र) किती गांभीर्याने शिकवतात आणि प्रबंधासाठी तुमचा विषय घेऊ देतात का. दरम्यान भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईतल्या एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम ड्युटी सांभाळून करता येतो. या महिन्यातच त्याची चौकशी करा.

विषय शोधायला लांब जाऊ नका. हृदय थांबल्यावर सुरुवातीला काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो. घरचे फोनवर सांगतात, ‘श्वास चालू आहे, घरघर लागलीय.’ ऐकणाऱ्यानेही तो श्वासच समजला, तर छातीवर दाब द्यायची सूचनाच जात नाही. व्हीएफमध्ये सीपीआरशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि तुमच्या भागात गाडी पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हीच जाणता. मराठवाड्यातले लोक हे आचके फोनवर कसे सांगतात, कोणता प्रश्न विचारला की ते ओळखता येतात, हा अभ्यास वॉरिकमध्ये बसून होणार नाही. त्याला यंत्रं लागत नाहीत. परवानगी, कॉलची रेकॉर्डिंग आणि या बोलीला सरावलेला कान लागतो.

नोंदी कशा ठेवायच्या याची जागतिक पद्धत ठरलेली आहे. १९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ जमले आणि हृदय थांबल्याच्या प्रत्येक घटनेची नोंद सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एक नमुना ठरला. कोसळताना कुणी पाहिलं का, जवळच्या कुणी सीपीआर दिला का, मॉनिटरवर पहिली लय कोणती, ठोके परत आले का, रुग्ण घरी गेला का, मेंदूची स्थिती कशी. त्यातल्या पहिल्या चार गोष्टी तुम्हाला आजही माहीत असतात. उरलेल्या दोन जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात आहेत, आणि हे दोन तुकडे जोडणारं आपल्याकडे फार थोडं काम झालंय. तेलंगणात वारंगळ भागात अशी नोंदवही करून पाहिली गेली. एका जिल्ह्यात हे जोडून दाखवलं तरी तो एमपीएचचा उत्तम प्रबंध होईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं नवजात बालकांवरचं, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं काम गावागावांतल्या जन्ममृत्यूच्या काटेकोर नोंदींवरच उभं होतं.

इथे एक सक्त सूचना. उत्साहाच्या भरात रुग्णांच्या फॉर्मचे फोटो मोबाइलमध्ये जमवू नका, कुणाच्या घरी फोन करून ‘आहेत का अजून?’ असं विचारू नका. आधी नीतिमत्ता समितीची मान्यता, सेवा चालवणाऱ्या कंपनीची आणि रुग्णालयाची लेखी परवानगी, मगच कागदाला हात. बेशुद्ध माणसाची संमती घेता येत नाही, म्हणून या क्षेत्रात नियम जास्त कडक हवेत आणि आहेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, विशेषतः संमतीचा भाग.

पोटाचं खरं सांगतो. सुरुवातीची संशोधनातली पदं बहुतेक प्रकल्पापुरती आणि कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. १०८ वरही तुम्ही कंत्राटावरच असाल, त्यामुळे धक्का बसणार नाही, पण वडिलांची काळजी अनाठायी नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. एमपीएचची दोन वर्षं मागून घ्या आणि त्या काळातला खर्च कागदावर मांडून दाखवा. नंतर आयसीएमआरचे प्रकल्प, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं वढूचं संशोधन केंद्र, वैद्यकीय महाविद्यालयांतले अभ्यास अशा ठिकाणी फील्डवर काम केलेल्या डॉक्टरांना मागणी असते. तुमची रुग्णवाहिकेतली तीन वर्षं तिथे अनुभव म्हणूनच मोजली जातील. दवाखाना पुढेही टाकता येतो. पदवी कुठे जात नाही.

एवढ्यात राजीनामा देऊ नका. जिल्हा रुग्णालयातले एखादे फिजिशियन किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनवैद्यक विभागातले एखादे प्राध्यापक गाठा. तुमचा प्रश्न एका पानात लिहून न्या आणि मार्गदर्शक व्हाल का, एवढंच विचारा. ते पान आधी मला पाठवलंत तर मी वाचून कळवीन.