बटण दाबलं, पण लॅपटॉप उठेना

प्रश्न : महिन्यापूर्वी घेतलेला लॅपटॉप दोन-तीन दिवसांआड सकाळी सुरूच होत नाही. दाबून दाबून कंटाळलं की कधीतरी होतो. बॅटरीच खराब का? (सिडको)

बॅटरीवर आळ घेण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर लॅपटॉप जागा आहे, फक्त स्क्रीन अंधारात आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. कधीकधी तेवढ्यावर चित्र परत येतं.

दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, असं असेल तर चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. घड्याळ लावून! आपले 30 सेकंद दहातच संपतात. आत अडकलेला चार्ज त्यानं निघून जातो. मग चार्जर लावून नेहमीसारखा सुरू करा.

सकाळीच अडतो म्हणता, म्हणून आणखी एक शंका. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन 'फास्ट स्टार्टअप'पुढची खूण काढा, आठवडाभर बघा. तरी तेच, तर दोष आतला. तो कंपनीनं निस्तरायचा.

प्रश्न : मळ्यात लाइटचा दाब कमी असतो. नवा लॅपटॉप मोबाइलच्या चार्जरवर लावला, हूं की चूं नाही. (निफाड)

दाबाला दोष देऊ नका. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, वाचून बघा. गडबड चार्जरची आहे. पिन तीच टाइप-सी, पण लॅपटॉपला साधारण 45 किंवा 65 वॅट लागतात. खोक्यातलाच चार्जर अर्धा तास लावून ठेवा. काही कंपन्या बॅटरी कारखान्यातूनच झोपवून पाठवतात. चार्जर लागल्याशिवाय ती उठत नाही.

प्रश्न : एमजी रोडवरून घेतला. दुकानदार म्हणतो, 'सर्व्हिस सेंटरला जा'. तिथं मात्र तो झटक्यात सुरू होतो! (इंदिरानगर)

दवाखान्यात पोचलं की ताप उतरतो, तसंच हे. पुढच्या वेळी बंद पडला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, चार्जरचा दिवा दिसेल असा. मागचं झाकण मात्र ओळखीच्या पोरालाही उघडू देऊ नका, वॉरंटीवरून वाद होतो. दर वेळी जॉबशीट, म्हणजे तक्रार आणि दुरुस्तीची लेखी नोंद, मागून घ्या. तरी टोलवाटोलवी झालीच, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.