आईच्या दागिन्यांची किंमत १९७२ च्या भावाने की आजच्या?

प्रश्न : मी सांगलीत राहते, माहेर तासगाव तालुक्यात आहे. वडील १९९६ मध्ये आणि आई २०११ मध्ये गेली. दोघांनीही मृत्युपत्र केले नव्हते. वारस आम्ही दोघेच, मी आणि थोरले बंधू. आईच्या दागिन्यांची वडिलांनी १९७२ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी आहे : पाटल्या, बोरमाळ, कोल्हापुरी साज, नथ वगैरे मिळून १८ तोळे, किंमत ४,२०० रुपये, शिवाय चांदीचे ४० रुपये (जुनी नाणी). यादीच्या शेवटी ‘लेकीला रोख ५०० द्यावेत’ असेही लिहिले आहे. यांतले ५ तोळे आईच्या आजारपणात २००९ मध्ये तिच्याच सांगण्यावरून विकले. उरलेले सर्व दादांच्या लॉकरमध्ये आहे. यादीतील किमतीप्रमाणे निम्मे पैसे देतो, असे ते म्हणतात. दुसरीकडे, वडिलांनी १९६४ मध्ये स्वकष्टाने घेतलेली २ एकर जमीन ३,००० रुपयांना ताबेगहाण दिली होती. तिथे आता गहाणदाराच्या नातवाची द्राक्षबाग आहे आणि जमीन सोडवायची तर त्या ३,००० रुपयांचे आजचे मोल द्या, अशी त्याची मागणी आहे. दादा म्हणतात, ‘तुला सोने आजच्या भावाने हवे, तर गहाणही आजच्या भावाने फेडायला हवे.’ काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नात दागिने, नाणी, गहाण आणि रोख रक्कम असे चार विषय आले असले तरी त्यांचा निर्णय एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे आपला हक्क वस्तूवर आहे की पैशाच्या आकड्यावर. हक्क वस्तूवर असेल तर भाव कितीही चढो वा उतरो, त्या वस्तूबरोबर हक्काचे मोलही बदलते. देणे मुळातच रुपयांत ठरलेले असेल, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसताना कायदा तेवढेच रुपये ओळखतो. मधल्या काळातली महागाई तो त्यात आपणहून मिळवत नाही. आपल्या बंधूंनी या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घातल्या आहेत आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे.

प्रथम दागिने. ते आईचे स्वतःचे होते, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे त्यांवर तिची पूर्ण मालकी होती. तिच्या पश्चात कलम १५ प्रमाणे ते मुलगा, मुलगी आणि पती यांच्याकडे जातात. पती आधीच निवर्तले असल्याने आपण दोघे निम्म्या-निम्म्याचे मालक झालात. हे २०११ मध्येच घडले आहे आणि त्यासाठी बंधूंनी काही ‘देण्याची’ गरज नव्हती. त्यांच्या लॉकरमध्ये जे आहे त्यातला निम्मा भाग तेव्हापासून आपलाच आहे, ते केवळ सांभाळत आहेत. १९७२ च्या यादीत लिहिलेले ४,२०० रुपये हे त्या दिवशीच्या भावाचे वर्णन आहे. आईने एवढ्या किमतीला दागिने कोणाला विकल्याचा किंवा आपण ती किंमत मान्य केल्याचा तो करार नाही. स्वतःच्याच मालकीची वस्तू पन्नास वर्षांपूर्वीच्या भावाने सोडून देण्याचे बंधन आपल्यावर कोणत्याही कायद्याने येत नाही.

तरीही ती यादी जपून ठेवावी, कारण तिच्यातली किंमत निरुपयोगी असली तरी वजने अत्यंत मोलाची आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरील हस्ताक्षर ज्याचे म्हणून सांगितले आहे त्याचेच आहे, असे गृहीत धरण्याची मुभा साक्षीपुराव्याचा कायदा न्यायालयाला देतो. यादी बंधूंकडे असेल तर तिची स्पष्ट छायाचित्रे आजच घेऊन ठेवावीत.

वजनाच्या बाबतीत एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. आज सराफकट्ट्यावर तोळा म्हणजे १० ग्रॅम असे सर्रास बोलले जाते, परंतु यादीतला तोळा हा १२ माशांचा, ९६ गुंजांचा जुना तोळा असण्याचीच शक्यता अधिक आहे आणि तो ११.६६ ग्रॅम भरतो. उरलेले १३ तोळे जुन्या मापाने सुमारे १५१ ग्रॅम होतात, नव्या बोलीने १३०. आपल्या निम्म्या हिश्श्यात हा फरक जवळजवळ ११ ग्रॅमचा आहे आणि १० ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेलेला असताना एवढ्या एका शब्दावर आपले लाखाहून अधिक रुपये जाऊ शकतात. म्हणून बोलणी, नोटीस आणि पुढे गरज पडल्यास दावा, या सर्व ठिकाणी वजन ग्रॅममध्येच लिहावे. दुसऱ्या बाजूने हेही मान्य करायला हवे की बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, साजाला रेशीम-दोरा आणि नथीला मोती असतात. यादीतले वजन या सर्वांसह असेल, तर निव्वळ सोने त्याहून कमी निघेल आणि तेवढी वजावट मागण्याचा बंधूंना हक्क आहे. यावर वाद घालण्यापेक्षा दोघांसमक्ष वजन करून टंच (सोन्याची शुद्धता) काढून घ्यावा. विट्या-खानापूरकडची गलाईवाली (सोने-चांदी गाळणारी) मंडळी हे काम पिढ्यान्‌पिढ्या देशभर करत आली आहेत, तेव्हा सांगली जिल्ह्यात टंच काढणारा जाणकार शोधायला लांब जावे लागणार नाही. मात्र न्यायालयात उपयोगी पडावा असा लेखी अहवाल हवा असेल, तर तो नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून घ्यावा आणि टंचासाठी दागिना वितळवू देऊ नये.

विकलेल्या ५ तोळ्यांचा विषय आपण सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आई हयात असताना, तिच्याच सांगण्यावरून, तिच्याच औषधोपचारासाठी ते विकले गेले. वाटपाला फक्त तेच येते जे तिच्या निधनाच्या दिवशी शिल्लक होते. तो हिशेब उकरून काढल्यास कायद्याने काही मिळणार नाही आणि बंधूंच्या मनात विनाकारण अढी बसेल.

उरलेल्या दागिन्यांचे वाटप शक्यतो वस्तुरूपातच करावे : काही दागिने आपल्याकडे, काही त्यांच्याकडे, आणि वजनातला फरक रोख. सर्व दागिने बंधूंनाच ठेवायचे असतील तर आपल्या निम्म्या भागाची किंमत प्रत्यक्ष वाटपाच्या दिवशीच्या भावाने मागणे न्याय्य आहे. प्रकरण न्यायालयात गेलेच तर दाव्यात मागणी दागिन्यांचीच करावी आणि किंमत पर्याय म्हणून लिहावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १० नुसार जंगम वस्तू देण्याच्या हुकूमनाम्यात, ती वस्तू मिळू शकली नाही तर किती रक्कम द्यायची, हेही न्यायालयाने नमूद करायचे असते. सुरुवातीलाच केवळ रक्कम मागितली, तर वस्तूवरचा हक्क आपण स्वतःहून आकड्यात बदलल्यासारखे होते आणि खटला लांबला तर त्याचा तोटा आपल्यालाच सोसावा लागतो.

चांदीच्या ४० रुपयांकडे वर्ष पाहिल्याशिवाय कोणताही भाव लावू नये. १९३९ पर्यंतचा राणीछाप किंवा राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा असे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४६-४७ चा रुपया तर निकेलचाच आहे. म्हणजे दिसायला सारखी असणारी दोन नाणी धातूच्या किमतीत दुपटीच्या जवळपास फरकाची असू शकतात, आणि एखादे दुर्मीळ वर्ष निघाले तर संग्राहकांचा भाव चांदीच्या कितीतरी वर जातो. वर्षांनुसार गट करून प्रत्येक गटातली निम्मी नाणी घ्यावीत आणि ती चिंच-राखेने घासून चकचकीत करू नयेत, कारण त्याने संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटते. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये जनतेला सावध केले आहे. त्यांच्या नादी लागू नये.

आता गहाणाकडे वळू. गहाणखतात ३,००० रुपये लिहिले असतील आणि जमिनीचे उत्पन्न व्याजापोटी खायचे असे ठरले असेल, तर जमीन सोडवायला ३,००० रुपयेच लागतात. नातवाला हे अन्यायाचे वाटणे मी समजू शकतो. १९६४ मध्ये त्या रकमेत घर उभे राहत असेल आणि आज आठवड्याचा बाजारही पुरा होत नाही. परंतु त्याच्या आजोबांनी पैसे दिले आणि मोबदल्यात जमिनीचा ताबा घेतला. गेली साठ वर्षे त्या शेताचे पीक, आधी ज्वारी असेल, नंतर द्राक्षे, त्या-त्या वर्षीच्या चढत्या भावाने त्यांच्याच घरात गेले आहे. महागाईची भरपाई त्यांना दर हंगामात मिळत आली. ती मुद्दलावर पुन्हा मागता येणार नाही.

मुदतीची भीती घालण्याचाही प्रयत्न होईल. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्याने ३० वर्षांची मर्यादा आहे हे खरे, पण ताबेगहाणात ही ३० वर्षे गहाणाच्या तारखेपासून आपोआप सुरू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शेओ राम या प्रकरणात २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे गहाणाची रक्कम उत्पन्नातून फिटली किंवा आपण ती देऊ केली अथवा न्यायालयात भरली, की मग जमीन परत मागण्याचा काळ मोजला जातो. मात्र हे सर्व दस्त खरोखर ताबेगहाणाचा असेल तरच लागू होते. आपल्या भागात त्या काळी मुदतखरेदीचे, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे परत केल्यास जमीन परत देण्याच्या अटीवर केलेल्या विक्रीचे, दस्त पुष्कळ होत आणि घरातली माणसे त्यालाही गहाणच म्हणत. तसा दस्त असेल तर मुदतीचे गणित वेगळे होते आणि कदाचित फार उशीर झालेला असेल. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून १९६४ च्या दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवणे हे सर्वांत तातडीचे काम आहे. सोबत जुने फेरफार आणि सात-बाराचे उतारेही काढावेत. गहाणदाराचे नाव कुठे कूळ म्हणून लागले असेल तर घाबरून जाऊ नये, कारण ताबा असलेला गहाणदार हा कुळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे मानीव कूळ ठरत नाही. पण त्या नोंदीवर पूर्वी काही आदेश झालेला आहे का, हे वकिलांकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

द्राक्षबागेचा खर्च हा नातवाचा पुढचा मुद्दा असेल. गहाणदाराने केलेल्या सुधारणांचा खर्च देणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६३-अ खाली काही मर्यादित प्रसंगीच, उदाहरणार्थ मालमत्ता नष्ट होण्यापासून वाचवण्यासाठी केलेल्या खर्चापुरते, बंधनकारक असते. स्वतःच्या फायद्यासाठी उभारलेला मांडव सहसा त्यात बसत नाही. तरीसुद्धा उभ्या बागेचा एक हंगाम त्याला घेऊ देऊन तडजोडीने ताबा मिळत असेल, तर ती तडजोड मी जरूर सुचवीन.

बंधूंच्या आक्षेपाला आता उत्तर देता येते. सोने आजच्या भावाने आणि गहाण जुन्या आकड्याने, यात दुटप्पीपणा नाही. लॉकरमधले सोने आपल्या दोघांचेच होते आणि आहे. गहाणदाराची मात्र जमीन कधीच नव्हती, त्याचे होते ते ३,००० रुपयांचे येणे. शिवाय गहाणाबाबतच्या या नियमाचा निम्मा लाभ स्वतः बंधूंनाच होणार आहे, कारण वडिलांच्या आणि पुढे आईच्या हिश्श्यातून ते त्या जमिनीचे निम्मे वारस आहेत. ही गोष्ट त्यांना शांतपणे समजावून सांगावी. ते सोबत आले नाहीत तरी एक वारस या नात्याने आपण एकट्या संपूर्ण गहाण सोडवू शकता आणि त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्याकडून मागू शकता.

यादीतले ५०० रुपये मागू नयेत. ती यादी मृत्युपत्र नाही; दोन साक्षीदारांच्या सह्यांसह केलेले मृत्युपत्र असते, तरीही ते ५०० रुपयेच राहिले असते.

वारसाने किंवा वाटपाने दागिने मिळाले म्हणून आपल्याला प्राप्तिकर लागत नाही. पुढे विकल्यास भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. अशा जुन्या दागिन्यांची १ एप्रिल २००१ रोजीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत नफ्यावर महागाई निर्देशांकाची वजावट न मिळता १२.५ टक्के दराने कर बसतो. चांदीची नाणी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मांडतो, म्हणून ती वैयक्तिक वापराची वस्तू ठरून करातून सुटतात, असा समज आहे. तो सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच नाकारला आहे.

दागिन्यांच्या बाबतीत वेळ दवडू नये. सहमालकाचा ताबा सहसा विरोधी मानला जात नाही, परंतु बंधूंनी ‘वस्तू देणार नाही, जुन्या भावाने पैसे घे’ असे स्पष्ट सांगितले असेल, तर तो नकार समजून तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून सुरू झाली, असा बचाव ते पुढे घेऊ शकतात. तेव्हा याच महिन्यात वकिलामार्फत साधी, सभ्य भाषेतली नोटीस पाठवावी. तीत प्रत्येक दागिन्याचे नाव आणि ग्रॅममधले वजन लिहावे, लॉकर दोघांसमक्ष उघडण्याची विनंती करावी आणि तोवर काहीही विकू वा मोडू नये असे कळवावे. कौटुंबिक मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात महिला पक्षकारांना न्यायशुल्कात माफी आहे, त्यामुळे वाटपाचा दावा करावा लागला तरी त्या खर्चाच्या धास्तीने पाऊल मागे घेण्याचे कारण नाही. गहाणाचे ३,००० रुपये नातवाने स्वीकारले नाहीत, तर दस्ताची नक्कल हाती येताच ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८३ खाली दिवाणी न्यायालयात भरावेत.