हार्ट फेल्युअरसाठी सीआरटी, म्हणजे बारीक विजेचे झटके देऊन (पेसिंग) हृदयाचं आकुंचन एका मेळात आणणारा पेसमेकर, सुचवलंय. दोन्ही जवनिकांचं पेसिंग चांगलं की नवीन लेफ्ट बंडल पेसिंग?

आधी मूळ दुखणं समजून घ्या. डावी बंडल ब्रँच (लेफ्ट बंडल), म्हणजे डाव्या जवनिकेकडे विजेचा संदेश नेणारी हृदयातली वायर, बंद पडली की हृदयाचा मधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि डाव्या जवनिकेची बाहेरची भिंत मागाहून. दोघांचा मेळच बसत नाही, रक्त पुढे नीट ढकललं जात नाही.

जुन्या पद्धतीत, म्हणजे बायव्हेंट्रिक्युलर पेसिंगमध्ये, एक वायर उजव्या जवनिकेत आणि दुसरी कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेच्या फांदीतून डाव्या बाजूला नेतात. आयुष्य वाढतं, याचा सर्वांत भक्कम पुरावा हिच्यामागे आहे. पण शीर सोयीची मिळेलच असं नाही. शिवाय फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटल हलवणारी नस) जवळ असली तर प्रत्येक ठोक्याला पोट उडतं, उचकीसारखं. पेशंट अक्षरशः हैराण होतो. साधारण तीनातल्या एकाला अपेक्षित फायदाही होत नाही.

हिज बंडल पेसिंग, म्हणजे डाव्या-उजव्या फांद्या फुटण्याआधीच्या मूळ वायरलाच झटका देणं, कल्पना म्हणून सुंदर, पण करंट जास्त लागतो, बॅटरी लवकर उतरते.

लेफ्ट बंडल पेसिंग 2017 पासून पुढे आलं. वायर स्क्रूसारखी फिरवत पडद्यातून डाव्या बाजूपर्यंत नेतात आणि हृदयाच्या स्वतःच्याच वायरिंगमधून झटका जातो. ईसीजीवर रुंद क्यूआरएस (जवनिकांमध्ये वीज पसरायला लागणारा वेळ दाखवणारी लाट) तिथल्या तिथे अरुंद होताना दिसतो! करंटही कमी लागतो.

माझं मत: ईएफ (दर ठोक्याला डावी जवनिका आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकते तो आकडा) 35 टक्क्यांपर्यंत, लेफ्ट बंडल ब्लॉक आणि क्यूआरएस 150 मिलिसेकंदांच्या वर असेल तर पहिली पसंती अजून बायव्हेंट्रिक्युलरलाच. शीर मिळाली नाही तर लेफ्ट बंडल. डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, 'तुमचा हात कशावर जास्त बसलाय?'