शंका-समाधान: प्लेनर स्पीकरवर गायक जागेवर का बसत नाही?

प्रश्न : मॅग्नेपॅन कंपनीचे एलआरएस हे प्लेनर (सपाट पॅनलचे) स्पीकर घेतले आहेत. खोली ११ × १४ फूट. जागेअभावी पॅनल भिंतीपासून फूटभरच पुढे आहेत, मधे टीव्ही. आवाज भरपूर पसरतो, पण गायक एका जागी ठरत नाही. शिवाय कुठलंही रेकॉर्डिंग लावा, डेप्थ (आवाज किती मागून येतो ते) सारखीच वाटते. पॅनल सदोष असतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पॅनलवर संशय घेण्याआधी तुमच्याच पत्रातली डेप्थची तक्रार पुन्हा वाचा, निदान तिथेच आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला डेप्थ तेवढीच येत असेल, तर ती रेकॉर्डिंगमधली नाही, तुमच्या भिंतीची आहे.

प्लेनरला डबा नसतो. आतला पातळ पडदा (डायफ्रॅम) पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, फक्त उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे दाब वाढतो तेव्हा मागे कमी होतो. पॅनल भिंतीपासून ३० सेंमीवर असेल तर मागच्या आवाजाला जाऊन-येऊन ६० सेंमी जादा अंतर पडतं, म्हणजे साधारण १.७ मिलिसेकंद उशीर. एवढ्याशा उशिरात मूळ आवाज आणि परावर्तन कानाला वेगळं पडत नाही, दोन्ही मिसळतात आणि गायकाची कड पुसट होते. अंतर ११० सेंमी केलंत की उशीर ६.४ मिलिसेकंदांवर जातो. मग कान पहिल्या आवाजावरून जागा ठरवतो आणि मागचा आवाज नुसता मोकळेपणा म्हणून जाणवतो. डबा स्पीकर भिंतीकडे सरकवला की बास वाढतो. इथे बरोबर उलटं, कारण मागची उलटी लाट परतून पुढच्या बासला खाते. फूटभर अंतरावर तुमचा बासही पातळ येत असणार.

१४ फुटांची बाजू लांबी धरून मांडणी करा. पॅनल मागच्या भिंतीपासून ११० सेंमी, दोन पॅनलच्या मध्यांत २ मीटर, तुमचे कान पॅनलच्या रेषेपासून २.३ मीटर. डोक्यामागे ८५ सेंमीच्या आसपास उरतात, ते राहू द्या. सोफा भिंतीला टेकवला की डोक्यामागचं परावर्तन जवळून आणि जोरात येतं, आणि पुढची सगळी मेहनत फुकट जाते. बाजूच्या भिंतींची तेवढी चिंता नको: असा दोन्हीकडे आवाज टाकणारा (डायपोल) पॅनल नव्वद अंशाला, म्हणजे स्वतःच्याच पातळीत, जवळजवळ गप्प असतो. कायम इतकं पुढे ठेवणं घरात चालणार नसेल तर फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा करा आणि ऐकण्यापुरते पॅनल पुढे ओढा. एलआरएस एकट्याला हलवता येतो.

आता मोजमाप. सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकतं तिथे टाचणी लावा. तिथून प्रत्येक पॅनलच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची टेप ताणा. डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. १ सेंमी म्हणजे २९ मायक्रोसेकंद, ऐकायला क्षुल्लक, पण ५ किलोहर्ट्झची तरंगलांबीच जेमतेम ६.९ सेंमी आहे. पॅनलचा कलही जुळवा: सव्वा मीटर उंचीला एक अंश चुकला तर वरचं टोक २ सेंमी मागेपुढे होतं. त्यासाठी ओळंबा सोडा, नजरेवर जाऊ नका.

एलआरएसची जोडी आरशातल्यासारखी असते, ट्वीटरची (वरच्या स्वरांची) पट्टी एका कडेला. डावा-उजवा बदलून ती आत किंवा बाहेर घेता येते. तुमची तक्रार मध्य हरवल्याची आहे, म्हणून आधी आत घ्या आणि पॅनल थेट कानांकडे वळवा. ट्वीटरची कड बासच्या कडेपेक्षा कानाला जवळ येता कामा नये. पॅनल कमी वळवले तर आत घेतलेला ट्वीटर नेमका जवळ येतो. यात आवाजाचा मंच फारच आक्रसला तर अदलाबदल करा.

शेवटी मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध, मुठीएवढ्या जागेतून यायला हवा. तो दोन्हीकडे फाटला आणि बासही गायब झाला, तर एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. टीव्हीच्या काचेवर ऐकताना जाड गोधडी टाका, फरक लगेच कळेल. मात्र पॅनलमागच्या भिंतीला कापडी पडदे लावू नका. कापड फक्त ट्रेबल खातं आणि उरलेला आवाज बोदा होऊन परततो. तिथे कमी-जास्त खोलीच्या पुस्तकांचं शेल्फ उत्तम.

प्रश्न : जुने क्वाड ईएसएल-६३ हे इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारावर चालणारे) प्लेनर स्पीकर आहेत. पावसाळ्यात गाणारा हळूहळू डावीकडे सरकतो, दिवाळीनंतर पुन्हा मध्ये येतो. बॅलन्स फिरवून भागवावं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅलन्स फिरवू नका, आधी दोष कुठे आहे ते शोधा. मोनो रेकॉर्डिंग लावा. अ‍ॅम्प बंद करून त्याच्या आउटपुटला डाव्या-उजव्या वायरी बदला. गाणारा आता उजवीकडे गेला तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही मागे. डावीकडेच राहिला तर दोन्ही पॅनलच्या जागा बदला. पॅनलबरोबर सरकला तर पॅनल दोषी, नाहीतर खोली.

ऋतूबरोबर दोष येतो-जातो, म्हणून उजवा पॅनलच निघण्याची शक्यता जास्त. पडद्यावर सुमारे ५ हजार व्होल्टचा चार्ज लागतो. धूळ आणि दमट हवा एकत्र आली की तो गळतो आणि त्या बाजूचा आवाज बसतो. स्पीकरचा मेन्स पावसाळाभर चालू ठेवा, खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणा (एसीचा ड्राय मोड चालेल) आणि एक पूर्ण दिवस गेल्यावर मोनो चाचणी पुन्हा घ्या. तरी फरक राहिला, किंवा टिकटिक-चरचर ऐकू आली, तर जाणकाराकडे द्या. जाळी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहतो.

या मॉडेलमध्ये एवढासा फरकही लपत नाही. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी मधल्या पॅनलचे इलेक्ट्रोड एकात एक वर्तुळांत कापले आणि बाहेरच्या प्रत्येक वर्तुळाला थोडा थोडा उशीर दिला. त्यामुळे आवाज पडद्यामागे सुमारे ३० सेंमीवरच्या एका बिंदूतून निघाल्यासारखा येतो. नावातलं ६३ हे काम सुरू झाल्याचं साल. स्पीकर बाजारात आला १९८१ मध्ये.

प्रश्न : काही रेकॉर्डिंगमध्ये तबला सहा फूट रुंद वाटतो, डग्गा एका टोकाला आणि दायाँ दुसऱ्या. हा प्लेनरचा दोष का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मिक्सिंगचा. दायाँला एक माइक, डग्ग्याला एक, आणि मिक्सरवर एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. मग तबला दोन स्पीकरभर पसरणारच. डबा स्पीकरवरही हेच होतं, प्लेनर फक्त स्पष्ट दाखवतो. उंच पॅनलवर वाद्यं थोडी मोठी भासतात, तेवढा वाटा मात्र स्पीकरचा.

तुलनेसाठी एका जोडी-माइकवर घेतलेलं रेकॉर्डिंग ऐका. अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या पेटंटमधली पद्धत अशी: पुढून आणि मागून सारखंच ऐकणारे (‘आठ-आकाराचे’) दोन माइक एकाच जागी, नव्वद अंशांत. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (वॉटर लिली अकूस्टिक्स, १९९३) याच पद्धतीने एका चॅपेलमध्ये घेतलेलं आहे. त्यात मोहनवीणा आणि गिटार यांच्यातलं अंतर ऐका, आणि स्वर थांबल्यावर चॅपेलची गुंज किती मागे जाते तेही. ते झाल्याबरोबर एखादं कोरडं स्टुडिओ रेकॉर्डिंग लावा. मागची भिंत जवळ आल्यासारखी वाटली, तर मांडणी जमली. तशीच राहिली, तर पॅनल आणखी १० सेंमी पुढे घ्या.

प्रश्न : जरा बाजूला झुकलं तरी गायक त्या बाजूच्या पॅनलमध्ये जातो. दोघांनी ऐकायचं कसं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : ४० सेंमी रुंदीचा सपाट पडदा ८६० हर्ट्झच्या वर झोत टाकू लागतो, आणि झोताबाहेर बसलात की ट्रेबल आणि जागा दोन्ही जातात. पॅनल थोडे जास्त वळवा, म्हणजे त्यांचे अक्ष तुमच्या पुढे अर्ध्या मीटरवर छेदतील. बाजूला बसलेल्याला मग दूरचा पॅनल जरा जोरात ऐकू येतो आणि गायक पुन्हा मध्याकडे ओढला जातो. दोघांनाही नेमका मध्यच हवा असेल, तर एकामागे एक बसा.